तीन पानं उघडल्यावर

गणपतीत जागरणाला शाहूवाडीकडच्या गावांत पत्त्यांचे डाव बसतात. संध्याकाळी मेंढीकोट, बदाम सात. रात्र चढली की तीन पत्ती. अशा डावात एक प्रकार हमखास बघायला मिळतो. एकाच्या हातात राजाची जोडी असते, तरी समोरून चाल वाढत गेली की तो गांगरतो आणि पानं टाकतो. समोरच्याकडे साधी जोडीही नसते, पण गल्ला तोच ओढतो. बघणारे म्हणतात, नशीब! वास्तविक नशिबानं चांगली पानं दिली होती ती पहिल्याला. मग हा डाव फिरला कुठे?

तीन पत्तीत याचा हिशेब मांडणं अवघड जातं, कारण शेवटपर्यंत सगळीच पानं झाकलेली असतात. पोकरच्या ‘नो-लिमिट होल्डेम’ या प्रकारात मात्र पानं टप्प्याटप्प्यानं उघडी पडतात आणि दर टप्प्यावर आकडेमोड करता येते. अर्धवट माहितीवर निर्णय कसा घ्यावा, हे शिकण्यासाठी गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञही पोकरकडे वळले. या लेखात मी त्यातल्या एकाच जागेवर थांबणार आहे: पहिली तीन पानं उघडल्यानंतर काय करायचं? पैसे लावून खेळण्याबद्दलही मला काही सांगायचं आहे, ते शेवटी.

डाव पुढे कसा सरकतो

प्रत्येक खेळाडूला दोन पानं झाकून मिळतात. दोन जागांवरच्या खेळाडूंना पानं बघण्याआधीच ठरावीक रक्कम टाकावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. त्यामुळे जिंकण्याजोगं काहीतरी मध्ये असतंच. पैसे लावण्याची एक फेरी होते. मग टेबलावर तीन पानं एकदम उघडतात, ती सगळ्यांची सामायिक. हा फ्लॉप. पुन्हा एक फेरी. चौथं पान म्हणजे टर्न, पाचवं म्हणजे रिव्हर. प्रत्येकानंतर एकेक फेरी. हातातली दोन आणि टेबलावरची पाच, अशा सात पानांतून सर्वांत चांगली पाच ज्याची, तो मध्ये जमलेली सगळी रक्कम, म्हणजे पॉट, नेतो. किंवा बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर उरलेला एकटा नेतो, मग त्याच्या हातात काहीही असो. तीन पत्तीतला कलर इथे पाच पानांचा असतो, त्याला फ्लश म्हणतात.

आपली पाळी आली की पैसे न लावता पुढे ढकलायचं (चेक), पैसे लावायचे (बेट), समोरच्यानं लावलेत तेवढे भरायचे (कॉल), त्याहून वाढवायचे (रेझ) किंवा पानं टाकायची (फोल्ड). ‘नो-लिमिट’ म्हणजे आपली पाळी आली की आपल्यासमोरच्या सगळ्या चिप्स मध्ये ढकलता येतात. खेळाची सगळी धार या एका नियमात आहे.

फ्लॉप बहुतेकांना चुकतो

तुमच्या दोन पानांनंतर गड्डीत ५० पानं उरतात. त्यातून तीन पानांचे १९,६०० वेगवेगळे फ्लॉप येऊ शकतात. हातातली दोन पानं जोडीची नसतील, समजा एक्का आणि राणी, तर त्यातल्या निदान एकाची जोडी फ्लॉपवर लागण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा काहीच लागत नाही.

हा आकडा नीट मनात धरा, कारण सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. तुम्हाला तीनपैकी दोन वेळा काही लागत नाही, तसं समोरच्यालाही लागत नाही. दोघांनाही काही लागलेलं नसताना जो आधी ठामपणे पैसे लावतो, त्याला पॉट मिळण्याची चांगली संधी असते. हातात काही नसलेला माणूस गल्ला ओढतो, तो बऱ्याचदा या रिकाम्या जागेत.

पण सगळे फ्लॉप सारखे नसतात. किलवर राजा, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री असा फ्लॉप घ्या. तीन वेगवेगळे रंग, आकडे लांब लांब. राजा असलेला पुढे आहे, बाकीच्यांना सुधारायला फारशी वाट नाही. पुढची पानं चित्र क्वचितच पालटतात. खेळणारे याला ड्राय म्हणतात. आता बदाम गुलाम, बदाम दश्शी, किलवर नव्वी घ्या. दोन बदाम आहेत, आकडे ओळीनं आहेत. कुणाकडे आत्ताच ओळ पूर्ण असेल, कुणी एका पानासाठी अडला असेल, कुणाला आणखी एक बदाम हवा असेल. हा वेट फ्लॉप. पहिल्यावर लहान रक्कम लावूनही काम भागतं. दुसऱ्यावर चांगली जोडी असेल तर भरभक्कम लावावं लागतं, कारण पुढचं प्रत्येक पान कुणाच्या ना कुणाच्या कामाचं आहे. त्याच दुसऱ्या फ्लॉपवर हातात काही नसताना थाप मारणंही जड जातं, कारण समोरच्याला थांबायला कारणं पुष्कळ असतात. नुसती आपली पानं बघून पैसे लावणारा हा फरक बघतच नाही.

टाकलेला पैसा पॉटचा झाला

फ्लॉपनंतरची सर्वांत महागडी चूक एका वाक्यात मावते: “एवढे घातलेत, आता कसं सोडू?”

शाहूवाडीच्या पावसाळी पट्ट्यात मे महिन्याच्या शेवटी रोहिणी नक्षत्रावर भाताची धूळवाफ पेरणी होते. पाऊस यायच्या आधी, कोरड्या मातीत बी टाकलं जातं. त्या दिवशी शेतकऱ्याकडे माहिती थोडी असते. अनुभव आणि अंदाज यांवर तो बियाणं मातीत घालतो. मग पहिला पाऊस पडतो, उगवण दिसते. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे पावसानं ओढ दिल्यामुळे करपलेली. बांधावर उभं राहून त्यानं ठरवायचं असतं: याच पिकावर खत आणि भांगलणीचा खर्च करायचा, दुबार पेरायचं, की ते वावर या हंगामापुरतं सोडून द्यायचं? बियाण्याचे पैसे तिन्ही वाटांत गेलेलेच असतात, त्यामुळे निर्णयात ते धरायचे नसतात. आजपासून पुढे किती घालायचे आणि त्यातून किती निघेल, एवढंच मोजायचं असतं. फ्लॉप म्हणजे ही उगवण. आधीच्या फेरीत टाकलेल्या चिप्स आता तुमच्या नाहीत, पॉटच्या आहेत. पुढे भरावी लागणारी रक्कम मात्र अजून तुमची आहे, आणि निर्णय फक्त तिच्याबद्दल आहे.

किंमत किती, शक्यता किती

एक डाव सावकाश बघू. तुमच्या हातात बदाम राणी आणि बदाम गुलाम. पॉटमध्ये ६०० चिप्स, डावात तुम्ही आणि एकच प्रतिस्पर्धी. फ्लॉप उघडतो: बदाम एक्का, बदाम पंजी, किलवर नव्वी. तुमची जोडी नाही, पण हातातले दोन आणि टेबलावरचे दोन मिळून चार बदाम झाले. आणखी एक आला की फ्लश. प्रतिस्पर्धी ३०० लावतो. तुमच्यासमोर एकूण १,००० चिप्स आहेत आणि त्याच्याकडेही पुरेशा आहेत.

आधी किंमत बघा. पॉट आता ९०० झाला. तुम्हाला ३०० भरायचे आहेत; भरल्यावर पॉट १,२०० होईल. म्हणजे १,२०० चा डाव जिंकण्यासाठी तुम्ही ३०० देताय, एक चतुर्थांश. चारपैकी एकदा जिंकलात तर ना नफा ना तोटा. याला ‘पॉट ऑड्स’ म्हणतात, आणि हा आकडा समोरच्याची पानं न बघताही काढता येतो.

आता शक्यता. गड्डीत १३ बदाम, त्यातले चार तुम्हाला दिसतात, उरले नऊ. तुम्ही न पाहिलेली पानं ४७. पुढच्याच पानावर बदाम येण्याची शक्यता ४७ मध्ये ९, म्हणजे १९ टक्के. हवे होते २५. नुसत्या या हिशेबानं कॉल तोट्याचा ठरतो.

पण डाव इथे संपत नाही. बदाम आला तर तुम्ही पुढच्या फेरीत त्याच्याकडून आणखी काही काढू शकाल. किती काढायला हवं, तेही मोजता येतं: तोटा भरून निघायला फ्लश लागल्यावर सरासरी सुमारे ३७० चिप्स जास्त मिळायला हव्यात. कॉल केल्यावर तुमच्यासमोर ७०० उरतात, म्हणजे ते शक्य कोटीतलं आहे. आता प्रश्न माणसाचा होतो. तिसरा बदाम पडल्याबरोबर हा गडी सावध होऊन पानं टाकणारा आहे, की एक्क्याची जोडी धरून भरत राहणारा? पहिल्यासमोर कॉल चुकीचा, दुसऱ्यासमोर बरोबर. पानं आणि आकडे दोन्हीकडे तेच आहेत.

हाच डाव प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं बघा. त्याच्याकडे एक्का आहे, तो पुढे आहे. त्यानं ३०० ऐवजी १०० लावले असते, तर तुम्हाला ८०० च्या डावासाठी १०० भरावे लागले असते, म्हणजे साडेबारा टक्के. तुमची शक्यता १९ टक्के, म्हणजे त्यानं तुम्हाला पुढचं पान स्वस्तात विकलं असतं. किती लावायचं, हे ठरवताना आपल्या पानांइतकाच समोरच्याला किती महाग पडेल याचा विचार करावा लागतो.

चौकट : मनातल्या मनात करायचा हिशेब

आपला हात जिंकता करणाऱ्या उरलेल्या पानांना आउट्स म्हणतात. फ्लॉपवर आउट्सना २ नं गुणलं की पुढच्या पानावरची आणि ४ नं गुणलं की दोन्ही पानांत मिळून असलेली टक्केवारी साधारण मिळते. खरे आकडे असे:

फ्लशला एक पान कमी (९ आउट्स) : पुढच्या पानावर १९ टक्के, दोन पानांत ३५ टक्के.
ओळ दोन्ही टोकांना उघडी (८ आउट्स) : १७ आणि ३१.५ टक्के.
ओळीतलं मधलं एकच पान हवं (४ आउट्स) : ८.५ आणि १६.५ टक्के.
हातातल्या जोडीचं तिसरं पान हवं (२ आउट्स) : ४ आणि ८ टक्के.

समोरच्यानं अर्धा पॉट लावला तर तुम्हाला २५ टक्के जिंकावं लागतं, पूर्ण पॉट लावला तर ३३ टक्के, पॉटच्या दुप्पट लावले तर ४० टक्के.

रेझ केला तर?

वरच्या डावात आपण कॉल की फोल्ड एवढंच पाहिलं. नवशिक्याला या दोनच वाटा दिसतात. समजा तुम्ही सगळ्या १,००० चिप्स मध्ये ढकलल्या. आता निर्णय त्याचा.

तो पानं टाकेल, तर तुम्हाला पॉटमधले ९०० लगेच मिळतात. तो भरेल, तर पॉट २,६०० होतो आणि टर्न, रिव्हर अशी दोन्ही पानं बघायला मिळतात. फ्लशची शक्यता ३५ टक्के धरली, तर २,६०० मधला तुमचा सरासरी वाटा ९१०. घातले १,०००. म्हणजे त्यानं भरलं तर सरासरी ९० चा तोटा, टाकलं तर ९०० चा फायदा. अकरापैकी एकदा जरी त्यानं पानं टाकली, तरी हिशेब जुळतो. त्याहून जास्त वेळा टाकली तर हा रेझ नफ्याचा.

हा आकडा पहिल्यांदा बघणाऱ्याला खोटा वाटतो. हातात साधी जोडी नाही, आणि सगळ्या चिप्स लावणं योग्य? योग्य, कारण इथे जिंकायला दोन दारं आहेत: तो घाबरेल किंवा बदाम येईल. याला ‘सेमी-ब्लफ’ म्हणतात, आणि फ्लॉपनंतरच्या सगळ्या डावपेचांत मला हा सर्वांत सुंदर वाटतो.

मात्र ३५ टक्के धरताना आपण थोडे उदार झालो. सगळ्या चिप्सचा रेझ जो भरतो, त्याच्याकडे जोडीहून जास्त असण्याची शक्यता वाढते. त्याच्याकडे तीन एक्के असतील, तर फ्लश लागूनही तो पुढे जाऊ शकतो. त्याच्याकडे बदाम राजा आणि आणखी एक बदाम असेल, तर तुमचा फ्लश त्याच्या फ्लशपुढे हरेल. म्हणून वाटा २५ टक्क्यांपर्यंत खाली आला असं धरा. मग भरल्यावरचा तोटा ३५० होतो आणि त्यानं निदान २८ टक्के वेळा पानं टाकायला हवीत. जो गडी एक्का धरला की सोडतच नाही, त्याच्यासमोर हा डावपेच फसतो. आकडेमोड माणूस ओळखायच्या जागी येत नाही. माणसाबद्दलचा आपला अंदाज किती बरोबर असायला हवा, तेवढं ती सांगते.

बसण्याच्या जागेचंही इथे महत्त्व आहे. फ्लॉपनंतर ज्याची पाळी शेवटी, त्याला समोरच्यानं काय केलं ते बघून ठरवता येतं. तीच पानं शेवटच्या पाळीला जास्त मोलाची होतात. अनुभवी खेळाडू पहिल्या पाळीला थोडे हात खेळतो आणि शेवटच्या पाळीला जास्त, त्याचं कारण हे.

समोरच्याची पानं कशी मोजायची

महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा आहे. सारथी झालेल्या नलाला राजा ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या फांद्यांवर पानं आणि फळं किती, ते रथातूनच सांगतो. नल उतरून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग नल त्याला अश्वविद्या देतो आणि बदल्यात अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या घेतो. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. सह्याद्रीच्या रानात हे झाड आजही सर्रास दिसतं. द्यूत आणि मोजणी यांची सांगड इतक्या जुन्या कथेत घातलेली आहे, याचं मला फार अप्रूप आहे.

पोकरमध्ये मोजायच्या असतात समोरच्याच्या हातात असू शकणाऱ्या जोड्या. ‘त्याच्याकडे अमुकच पानं आहेत’ असा एक अंदाज बांधणं ही चूक. त्यानं आतापर्यंत जे केलं, ते कोणकोणत्या पानांनी केलं असतं, याची यादी करायची. तिला रेंज म्हणतात.

शेवटच्या टप्प्यावरचं उदाहरण घेऊ. टेबलावर इस्पिक राजा, बदाम अठ्ठी, बदाम चौकी, किलवर दुर्री, चौकट गुलाम. तुमच्या हातात चौकट राजा आणि चौकट दश्शी. प्रतिस्पर्ध्यानं तिन्ही फेऱ्यांत पैसे लावले. आता पॉट १,००० आणि तो १,००० लावतो. तुम्हाला ३३ टक्के वेळा बरोबर ठरावं लागेल.

समजा त्याला ओळखून तुम्हाला वाटतं, की खऱ्या ताकदीवर तो तीन राजे, तीन अठ्ठ्या, तीन चौक्या, राजा-गुलाम किंवा एक्का-राजा यांनीच असा लावेल. मोजू. गड्डीतले दोन राजे टेबलावर आणि तुमच्याकडे गेले, उरले दोन. त्यांची जोडी एकाच प्रकारे होते. अठ्ठीची जोडी तीन प्रकारे, चौकीची तीन. राजा-गुलाम: दोन राजे गुणिले उरलेले तीन गुलाम, सहा. एक्का-राजा: चार एक्के गुणिले दोन राजे, आठ. एकूण २१. या सगळ्यांपुढे तुम्ही हरता.

दुसरी बाजू: फ्लॉपवर दोन बदाम होते, तिसरा आलाच नाही. बदामाची आशा धरून बसलेला माणूस आता फक्त थाप मारूनच जिंकू शकतो. राजा सोडून दोन बदामांचे ४५ हात शक्य आहेत, पण ते सगळे कुणी खेळत नाही. समजा तो त्यातले १५ खेळतो आणि रिव्हरवर सगळ्यांनी थाप मारतो. मग ३६ पैकी १५ वेळा तुम्ही जिंकता, जवळजवळ ४२ टक्के. भरा. तो जरा भित्रा असेल आणि फक्त पाच हातांनीच थाप मारत असेल, तर २६ पैकी पाच, १९ टक्के. टाका.

डोळ्यांत बघून खोटं ओळखायचं, असं सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात चांगल्या खेळाडूचा बराच वेळ या असल्या बेरजांत जातो. तुमच्या हातातल्या एका राजामुळे त्याचे किती हात कमी झाले, तेही बघा: तो राजा तुमच्याकडे नसता, तर एक्का-राजाचे आठऐवजी बारा हात असते.

थाप किती वेळा मारावी

वरचा हिशेब उलटा केला की थापेचं गणित मिळतं. पॉटइतकी रक्कम लावणाऱ्यानं तीनपैकी एकदा थाप मारली आणि दोनदा खरी पानं ठेवली, तर समोरच्याला भरणं आणि टाकणं सारखंच पडतं; कसंही वागून तो फायदा काढू शकत नाही. अर्धा पॉट लावत असाल तर थापेचं प्रमाण चारात एक. कधीच थाप न मारणाऱ्याचं नुकसान असं, की त्यानं पैसे लावले की सगळे पळतात आणि चांगल्या पानांवर त्याला काही मिळत नाही. पानं कशीही असोत, दर वेळी लावणाऱ्याला लोक लवकरच पकडतात.

थाप हा स्वभावाचा भाग नसून गणिताची गरज आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी सिद्ध केलं. खेळांच्या गणिती सिद्धांताचा पाया घालणारा त्यांचा निबंध १९२८ चा. पुढे ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचं एक साधं रूप घेऊन ते सोडवून दाखवलं. त्यातला निष्कर्ष आजही नवख्याला चकवतो: पैसे लावावेत ते सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट हातांनी, मधल्या हातांनी चेक करावं. मधला हात उघडून दाखवला तर कधी कधी जिंकतो, मग तो थापेत वाया का घालवायचा? अगदी वाईट हाताला जिंकायची दुसरी वाटच नसते.

आता जागरणातल्या राजाच्या जोडीकडे बघा. तो गडी चाल वाढल्यावर गांगरला. समोरचा किती वेळा थाप मारतो, याचा अंदाज त्यानं कधी बांधलाच नव्हता. थाप मारणाऱ्यानंही बहुधा मोजलं नव्हतं. पण समोरचा टाकणारा आहे एवढं त्यानं ओळखलं होतं, आणि तेवढं पुरलं.

यंत्रानं लावलेला निकाल

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत लिब्रॅटस नावाचा संगणक-कार्यक्रम चार निष्णात व्यावसायिक खेळाडूंशी खेळला. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टुमास सँडहोम आणि नोअम ब्राउन यांनी रचला होता. खेळ हाच, दोघा-दोघांचा नो-लिमिट होल्डेम. वीस दिवस, १,२०,००० डाव. शेवटी यंत्र १७,६६,२५० डॉलर किमतीच्या चिप्सनी पुढे होतं. दिवसभरात माणसांनी त्याच्या खेळात ज्या फटी शोधल्या, त्या ते रात्रीत बुजवायचं. पॉटच्या कितीतरी पट रक्कम एकदम लावण्याची त्याची पद्धत त्या खेळाडूंना सर्वांत जड गेली. २०१९ मध्ये प्लुरिबस या पुढच्या कार्यक्रमानं सहा जणांच्या टेबलावरही व्यावसायिकांना मागे टाकलं.

यंत्राला समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता. स्वतःशीच असंख्य डाव खेळून, ‘इथे दुसरं काही केलं असतं तर किती मिळालं असतं’ याची नोंद ठेवत ते शिकलं. माणसाला तेवढे डाव खेळणं अशक्य आहे, पण तो प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घेता येते.

१,२०,००० हा आकडाही विसरू नका. संशोधकांनी डावांची संख्या एवढी मोठी ठेवली, कारण थोड्या डावांत नशिबाचा गोंधळ इतका असतो की कौशल्य त्यात दिसतच नाही. वर आपण २५ टक्के, ३५ टक्के असे बारीक फरक मोजले. एका रात्रीच्या शंभर-दीडशे डावांत ते फरक सहज बुडून जातात. बरोबर निर्णय घेणारा त्या रात्री हरतो, चुकीचा घेणारा जिंकून उठतो आणि आपल्याला खेळ कळतो असं समजून पुन्हा जातो.

टेबल, कायदा आणि रेक

शाहूवाडीहून जवळचं, उघडपणे परवाना घेऊन चालणारं पोकरचं टेबल म्हणजे पणजीत मांडवीवर उभ्या कॅसिनो-जहाजांवरचं. गोव्यानं १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या करून त्यांना वाट दिली. महाराष्ट्रानंही १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. रमीला सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ मानलं, पण पोकरबद्दल न्यायालयांचं एकमत नाही: गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो जुगार ठरवला, मद्रास उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये कौशल्याचा मानला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

माझ्या मते कौशल्याचा मुद्दा खरा आहे, पण पैशाच्या टेबलावर बसणाऱ्याला तो तारत नाही. टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून कापून घेतो, त्याला रेक म्हणतात. समजा सहा जण दहा-दहा हजार घेऊन बसले. सरासरी पॉट १,००० चा, त्यातून ५० कापले जातात आणि तासाला ३० डाव होतात. तासाला १,५०० गेले. आठ तासांत १२,०००. म्हणजे साठ हजारांतला पाचवा हिस्सा कुणीही न जिंकता टेबलावरून नाहीसा झाला. सगळे सारखेच हुशार असतील, तर सगळेच हरतात. नफ्यात राहायला नुसतं चांगलं खेळून भागत नाही. रेक भरून निघेल इतकं इतरांपेक्षा चांगलं खेळावं लागतं, आणि तेही हजारो डाव. उसाच्या बिलातून किंवा पगारातून तेवढी मुभा कुणाला असते? घरात कुणाचा हात यात अडकला असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

खेळ शिकायला पैसे लागत नाहीत. यंदाच्या जागरणाला प्रत्येकी शंभर चिंचोके घ्या आणि चार जण बसा. प्रत्येक फ्लॉपनंतर भरायच्या किंवा टाकायच्या आधी कागदावर तीन आकडे लिहा: पॉट किती, भरायचे किती, आपली आउट्स किती. डाव संपल्यावर पानं उघडून निर्णय आकड्यांशी ताडून बघा. चिंचोके कुणाकडे जास्त जमले, ते लिहूच नका.